ब्लॅक रस्टचं सुतक

शुक्रवारी भर दुपारी साडेतीन वाजता मधुकरराव दिवाणावरून उठले, चष्मा काढून टीव्हीवर ठेवला, न्हाणीघरात गेले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी दोन बादल्या थंड पाणी डोक्यावर ओतून घेतलं. प्रेमिलाबाई पुढच्या रविवारच्या साखरपुड्याची पाहुण्यांची यादी करत बसल्या होत्या. नवरा निथळत दारात उभा राहिला तेव्हा त्यांचा पेन थांबला.

"काय झालं जी?"

"सुतक लागलं."

"अरे देवा! कोण गेलं?"

"ब्लॅक रस्ट," मधुकरराव म्हणाले आणि तोंड फिरवून ओला सदरा पिळू लागले.

आता हे ब्लॅक रस्ट प्रकरण घरात आलं कसं, ते सांगायला हवं. मधुकरराव हिंगण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअरकीपर होते. आलेला माल उघडून पाहिल्याशिवाय सही करायची नाही, हा तिथला नियम त्यांनी रिटायर झाल्यावर घरी आणला. टरबूज कापून बघायचे, गॅसचं सिलिंडर हलवून बघायचे, आणि आता जावई बघायची वेळ आली होती. मुलगी हर्षा हिचं लग्न अमोलशी ठरत होतं. मुलगा मिहानमध्ये कॉम्प्युटर कंपनीत, सुपारीचंही व्यसन नाही. आवड विचारली तर म्हणाला, वाचन. "काय वाचता ते आणून द्या," मधुकरराव म्हणाले. दुसरा एखादा शहाणा असता तर कुठल्या तरी थोर पुरुषाचं चरित्र आणून मोकळा झाला असता. अमोल प्रामाणिक निघाला. त्यानं ब्लॅक रस्ट या इंग्रजी चित्रकथेचे अकरा जाडजूड भाग पिशवीत घालून आणून दिले.

पहिल्या भागाच्या नवव्या पानावर ब्लॅक रस्ट नावाचा तो काळा मुखवटेवाला एका माणसाची दहाही बोटं एकेक करून मोडतो. मधुकररावांनी पुस्तक मिटलं, हात धुतले आणि जाहीर केलं, "मोडून टाक हे लग्न." पण अर्धी तपासणी ही तपासणी नव्हे, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं. हर्षाच्या नजरेला पडू नये म्हणून अकराही भागांना वर्तमानपत्राची कव्हरं घातली. शब्दकोश आणि पेन्सिल घेऊन रोज जेवणानंतर बसू लागले, आणि जेवताना ताटावर बातम्या येऊ लागल्या.

"आज त्यानं महापौराले गच्चीवरून खाली फेकलं."

"काहून?"

"महापौरच तसा होता."

चौथ्या भागापर्यंत त्यांची तक्रार होती, की त्या शहरात ऊन पडतच नाही, मग लोक कपडे कुठं वाळवतात? सहाव्या भागात त्यांचं मत झालं की पोरगा मुळात चांगला आहे, संगत वाईट. नवव्या भागाला ते वरणभात कालवता कालवता थांबले. "नऊ पुस्तकं झाली वं, पोट्टा एकदाही जेवला नाही. नुसता दारू पिऊन राहिला आणि मारून राहिला. कोणी म्हणत नाही, दोन घास खाय." प्रेमिलाबाईंनी तेव्हाच ती पिशवी परत पाठवायला हवी होती. पण नवरा दुपारभर एका जागी बसतो आणि कुकरच्या शिट्ट्या मोजून दाखवत नाही, या सुखापायी त्या गप्प बसल्या. त्याचं फळ आता पुढ्यात ठिबकत उभं होतं.

"अहो, तो पुस्तकातला माणूस!"

"म्हणून काय झालं? त्याले आई नाही, बाप नाही. कोणी पाणी दिलं नाही. मी दिलं, आत्ता न्हाणीत. आणि जो पाणी देते त्याले सुतक. दहा दिवस."

प्रेमिलाबाईंनी बोटांवर मोजलं. दहावा दिवस बरोबर साखरपुड्याचा रविवार.

घरात रडारड झाली ती ब्लॅक रस्टसाठी नव्हे. अमोलच्या आईचा पहिल्यापासून दुसऱ्या एका स्थळावर डोळा होता; तारीख हलली तर ती सगळंच हलवेल, अशी हर्षाला धास्ती होती. तिनं अमोलला बोलावून घेतलं. तो ऑफिसातून तसाच आला, तर सासरेबुवा खाली चटईवर बसून बिनफोडणीचं वरण जेवत होते.

"बाबा, तो मरत नाही," अमोल कळवळून म्हणाला. "या पुस्तकातले लोक परत येतात. बारावा भाग निघून राहिला आहे, मी मागवला पण आहे."

"मी पाहिलं ना," मधुकरराव म्हणाले. "पिशवीत घातला. चेन लावली. त्या पिशवीतून कोणी येत नाही, जावईबापू."

त्यांचा आवाज इतका साधा होता की अमोलनं त्यांच्या ताटात आणखी थोडं वरण वाढलं.

सोमवारी अमोलच्या आईचा फोन आला. सुतक पडलं म्हणे, कोण वारलं? प्रेमिलाबाई म्हणाल्या, यांच्या ओळखीतले. ओळखीतल्यांचं सुतक कसं? प्रेमिलाबाई म्हणाल्या, म्हणजे, वाचनातले. पलीकडून थंडपणे, "साखरपुड्याचं काय ते उद्या कळवा मग," एवढंच आलं आणि फोन बंद झाला.

प्रेमिलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेला म्हणे! कुठं मेला ते बघतेच, म्हणून त्यांनी अकरावा भाग ओढला आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्यानंच वाचायला घेतला. इंग्रजी त्यांना बेताचं येई. पण पानोपानी नवऱ्याच्या बारीक अक्षरात शब्दांचे अर्थ लिहिलेले होते, त्यामुळे अडलं नाही. काय ती मारामारी, काय त्या शिव्या! एका पानावर तर त्यांनी भाजीवरचं झाकण पुस्तकावर ठेवलं. पुढे त्याच्या शहरात कसलीशी साथ येते, हा लोकांना खांद्यावरून वाहून नेता नेता स्वतःच पडतो. शेवटच्या पानावर पांढऱ्या पोशाखातली, तोंडं झाकलेली चार माणसं त्याला काळ्या प्लास्टिकमध्ये घालतात, वर नंबर चिकटवतात आणि ट्रकमध्ये दुसऱ्यांच्या रांगेत ठेवतात. जाळीच्या फाटकाबाहेर त्याचा एकुलता एक मित्र उभा असतो. त्याला आत सोडत नाहीत.

या पानावर पेन्सिलीची एकही खूण नव्हती. मधुकररावांना इथे एकही शब्द अडला नव्हता.

प्रेमिलाबाईंनी गॅस बंद केला. भिंतीवर थोरल्या दिरांचा, धोंडबांचा फोटो होता. कळमेश्वरहून सायकलवर डबलसीट बसवून धाकट्या भावाला कॉलेजात सोडणारे धोंडबा. पाच वर्षांपूर्वी, त्या एप्रिलमध्ये, त्यांना असंच पिशवीत घालून नेलं होतं, आणि मधुकरराव फाटकाबाहेर उभे होते. दुसऱ्याच दिवशी मधुकरराव आणि प्रेमिलाबाई दोघंही तापानं पडली. दहावा नाही, तेरावी नाही. फोटोला हार घालायचा विषय निघाला की मधुकरराव म्हणत, पाहू. पाच वर्षं आपण रोज या फोटोवरची धूळ पुसली आणि आपल्याला काहीच दिसलं नाही, याची प्रेमिलाबाईंना फार लाज वाटली.

त्यांनी स्वतःच फोन लावला. "आमचे थोरले भाऊजी वारले जी. म्हणून सुतक."

"अरेरे. कधी?"

"पाच वर्षं झाली."

मग अमोलच्या आईनं हळूच विचारलं, "त्या कोरोनात का?"

"हाव."

"आमच्या सासूबाई बी तेव्हाच गेल्या. तोंड नाही पाहिलं आम्ही." फोनमध्ये नाक ओढल्याचा आवाज आला. "साखरपुडा एक रविवार पुढं घ्या. दहाव्याले आम्ही येतो."

रविवारी सकाळी सगळे कन्हान नदीच्या काठी जमले. मधुकररावांनी डोक्यावरच्या केसांसकट मिशाही उतरवल्या. गुरुजींनी विचारलं, "मृताचं नाव?"

"ब्लॅक रस्ट."

"ब्लॅक हे नाव की आडनाव?"

"ते त्यानं शेवटपर्यंत कोणाले सांगितलं नाही," मधुकरराव म्हणाले. अमोलच्या आईनं चमकून पाहिलं. प्रेमिलाबाई कुजबुजल्या, "घरात लाडानं म्हणत." गोत्र माहीत नसल्यानं काश्यप धरलं आणि पिंड ठेवला.

कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर बसून नुसता बघत राहिला. मृताची इच्छा राहिली असेल, गुरुजी म्हणाले. आणि मृताला जवळून ओळखणारा एकटा अमोल असल्यानं त्याला पुढे ढकललं. अमोलनं हात जोडले. "तुझ्या शहराकडे आम्ही लक्ष देऊ." कावळा ढिम्म. "नव्या महापौराला सोडणार नाही." कावळ्यानं पंख खाजवला. "इंग्रजीत बोलून पाहा," गुरुजींनी सुचवलं. अमोलनं तेही केलं, आणि मागे अंग घासणाऱ्या म्हशीसुद्धा थांबून ऐकू लागल्या. शेवटी मधुकरराव म्हणाले, "रोज एक पोळी तुझ्या नावानं काढत जाईन गा." कावळा हलला नाही.

मग प्रेमिलाबाई पुढे झाल्या. डोक्यावर पदर घेऊन पिंडाशी वाकल्या आणि कोणालाही ऐकू जाणार नाही इतकं हळू काहीतरी बोलल्या. त्या मागे सरतात न सरतात तोच कावळा उतरला.

बारावा भाग बुधवारी आला. अमोल तो घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. कारण पहिल्याच पानावर ब्लॅक रस्ट आतून पिशवी फाडून बाहेर येतो. हर्षानं लगेच बोटांवर दिवस मोजले. मेलेला परत आला म्हणजे तो नव्यानं जन्मला, आणि जन्माचंही दहा दिवस सोयर असतं. बाबांना हे आठवलं की झालं.

मधुकररावांनी उभ्यानंच ते पान पाहिलं. फार वेळ पाहिलं.

"आला वापस पोट्टा," ते म्हणाले. मग प्रेमिलाबाईंकडे वळले. "मंग त्या दिवशी पिंड कोणाले पोचला?"

"भाऊजीले."

मधुकरराव दिवाणावर बसले. चष्मा काढत म्हणाले, "तू काय बोलली होती तिथं?"

"म्हटलं, हे त्या दिवशी गेटापाशीच उभे होते, भाऊजी. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. पाणी पियालेही हलले नाही."

मधुकररावांनी पुस्तक तोंडावर धरलं आणि मोठ्यानं हंबरडा फोडला. पाच वर्षांचं रडू होतं, ते काही लवकर आवरणार नव्हतं. अमोल बिचारा खाली बसून त्यांच्या गुडघ्याला हात लावत सांगत होता, "बाबा, रडू नका ना, जिवंत आहे तो, पुढच्या पानावर बघा, त्यानं जेवायलासुद्धा घेतलं आहे."

साखरपुडा रविवारी थाटात झाला. फोटोत मधुकरराव टकलेच आहेत, मिशाही नाहीत. त्या दिवशी जो तो त्यांना विचारत होता, काहो, घरात कोणी गेलं का? आणि ते प्रत्येकाला थांबवून सांगत होते, "हाव. आमचे दादा गेले."