सतरा नंबरची जर्सी

बेसबॉलमध्ये वय झालं म्हणून माणसाला काढतात आणि त्याच्या जागी आणखी वय झालेला आणतात. ह्याला अनुभव म्हणतात.

डेल वोयचिकनं अकरा वर्षं आमचं डावं मैदान सांभाळलं. वय चौतीस. फेब्रुवारीत, फ्लोरिडातल्या सरावाच्या दुसऱ्या आठवड्यात, बातमी आली की ग्रँट सटलरशी करार झाला. हाही डाव्या मैदानावरचाच. वय अडतीस, आधीच्या संघाशी करार संपलेला, म्हणून मोकळा.

दोघांचाही नंबर सतरा.

ह्यात एक रीत आहे. मोठा खेळाडू नव्या संघात आला आणि त्याचा नंबर दुसऱ्याच्या पाठीवर असला, तर तो मागून घेतो. बदल्यात कुणी घड्याळ देतो, कुणी मोटारसायकल. डेल सकाळपासूनच भाव खायला बसला.

"ओटिस, मी बोट मागणार. मासे धरायची. मोटरसकट."

जर्स्या, मोजे, टोप्या माझ्या ताब्यात असतात. "माग की," मी म्हटलं.

"बोटीचं नाव काय ठेवणार, आजोबा?" पलीकडून एलियास ओरडला. तो आमचा शॉर्टस्टॉप, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा.

"आजोबा तो सटलर! मी अजून पोरगा आहे."

सगळे हसले. जरा जास्तच हसले.

त्या दिवशी सटलरचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी डेल मोबाइल ताटाशेजारी ठेवून जेवला.

"लाजत असेल," तो म्हणाला. "घड्याळही चालेल म्हणा."

संध्याकाळी म्हणाला, "नुसतं विचारलं तरी देईन रे."

तिसऱ्या सकाळी ऑफिसातून चिठ्ठी आली: सटलर, नंबर सतरा, चार जर्स्या, गुरुवारपर्यंत. डेलला कुठला नंबर द्यायचा, ते नव्हतं. मी चिठ्ठी उलटून पाहिली. कोरी. मग ऑफिसात फोन लावला.

"वोयचिकचं काही कळवलेलं नाही," तिथली बाई म्हणाली. मग आवाज खाली आणून, "तुम्ही तेवढंच करा ना."

मी तेवढंच केलं. सतरा शिवताना डेल मागे येऊन उभा राहिला.

"न विचारताच? बरं, असू दे. सात रिकामा आहे ना?"

"आहे." हे खरं होतं.

"मग मला सात शीव."

तेवढ्यात मॅनेजरचा मदतनीस दारात आला. "डेल, साहेबांनी आत बोलावलंय."

सरावाच्या दिवसांत संघातून काढतात ते असंच आत बोलावून, म्हणून हे वाक्य कुणी मोठ्यानं बोलत नाही. बोलावं लागत नाही, हळू बोललं तरी सगळ्यांना ऐकू जातं. खोलीतले चाळीस जण एकदम वाकून बुटांच्या नाड्या बांधायला लागले. त्यातले निम्मे अनवाणी होते.

"नंबरचंच असेल, नाही?" डेलनं मला विचारलं.

सुईत दोरा होता, तरी मी पुन्हा ओवायला लागलो. "असेल."

त्यानं आरशात बघून टोपी सरळ केली.

"सांगतो साहेबांना," तो म्हणाला, "आपली काही हरकत नाही म्हणून."