झेंडीआधीचा दम

ज्या माणसानं उमेदीची सगळी वर्षं शंकरपटात बैलजोड्या पळवल्या, त्याला म्हणे घटकाभर गप पडून राहता येत नाही. तुलसाबाईला हसावं की रडावं तेच कळेना. तिचा नवरा, कामठ्याचा रूपलाल बिसेन, गोंदियाच्या स्कॅन सेंटरात एमआरआयच्या बोगद्यात आडवा पडला होता आणि काचेअलीकडे डॉक्टरीणबाई पुन्हा मान हलवत होती. फोटो हलले होते.

भानगड अशी की पावसाळ्यात रूपलालच्या लिव्हरात कॅन्सरची गाठ निघाली. जन्मात दारूला शिवला नाही, तरी गावातल्या चार तोंडांनी बोलायचं ते बोलून घेतलं, आणि तुलसाबाईनं त्या तोंडांचा तिथल्या तिथं समाचार घेतला. नागपूरच्या डॉक्टरांनी पोट न फाडता बाहेरून सुई घालून गाठ जाळली. पण जळली की नाही, हे पोटावर हात फिरवून थोडंच कळतं? महिन्यानं सीटी स्कॅन काढला तर काठाशी काहीतरी पुसट दिसलं. असेलही, नसेलही. म्हणून हा एमआरआय. कडेला गाठ जिवंत उरली असेल तर पुन्हा जाळता येणार होती. नजरेतून सुटली तर आतल्या आत वाढत बसणार होती.

डॉक्टर योगेश्वरी पटले देवरीकडची. वय फार नव्हतं, पण पोरगी मोठी खमकी. दुसरं कोणी असतं तर मिळाले त्या फोटोंवर रिपोर्ट लिहून मोकळं झालं असतं. हिनं काम थांबवलं आणि तुलसाबाईला जवळ बोलावलं.

"काकू, शिरेतून औषध सोडायचं अजून बाकी आहे. ते रक्ताबरोबर लिव्हरात पोचलं की जिवंत गाठ उजळते, मेलेली काळी राहते. ती वेळ क्षणभराची असते. तेव्हाच काका हलले तर आजचं सगळं वाया. घाबरले का ते?"

"ते घाबरतीन?" तुलसाबाई तडकली. "धुरकरी होते जी ते, पटात जोडी हाकत. त्यांची जोडी सुटली का लोक झाडावर चढून पाहत."

"मग एकदा तुम्हीच बघा."

रूपलालच्या कानावर लावलेल्या हेडफोनात रेकॉर्ड केलेला हिंदी हुकूम सुटला, सांस छोड़ो, रोको. 'रोको' कानी पडताच रूपलालनं छातीभर श्वास ओढला, टाचा रोवल्या, मुठी आवळल्या. मशीन धडधडायला लागली तसे त्याचे खांदे पुढं सरकले आणि कंबर उचलली गेली. तुलसाबाईनं कपाळावर हात मारला. संसार केला होता तिनं या माणसाशी, तिला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

"ते जोडी हाकून राहिले, बाई. पळत्या जोडीवर धुरकरी दम कोंडूनच राहते. त्यात ही मशीन अशी धडधडते. त्यांले वाटते बैल सुटले."

डॉक्टर हसली नाही. तुलसाबाईला ती तिथंच आवडली.

"आणि झेंडी पडायच्या आधी?" डॉक्टरनं विचारलं. "तेव्हा कसे उभे राहायचे?"

"तवा श्वास सोडून देत. धुरकऱ्याचा हात हलला का बैल बिथरते. दगडावानी उभं राहा लागते."

डॉक्टर आत गेली आणि रूपलालच्या डोक्याशी वाकली. "काका, पट सुरू झाला नाही अजून. जोडी झेंडीपुढं उभी आहे. मी सांगितलं की श्वास सोडायचा, आणि मी म्हणेपर्यंत बैल जागचे हलू द्यायचे नाहीत. मशीन किती का बोंबलेना."

"झेंडी कोन पाडन?"

"मीच."

"मंग ठीक आहे."

बाहेर येऊन तिनं रेकॉर्डचा आवाज बंद केला आणि हुकूम स्वतः दिला. औषध शिरेत गेलं, मशीन गरजली. रूपलालचं पोट खाली बसलं ते तसंच राहिलं. साठीचा माणूस, पण काय तो दम! काचेअलीकडे तुलसाबाईनंही श्वास धरला होता, तिचा आधी सुटला.

पडद्यावर आता सगळं लख्ख होतं. मधे मोठा काळा डाग. "कड राहू नये म्हणून गाठीहून मोठंच जाळतात," डॉक्टर म्हणाली. डागाभोवती सगळीकडून सारखी, बारीक उजळ रेघ होती. भाजल्या जागी लाली असते तशी, तिची भीती नाही, असं तिनं समजावलं. मग एका बाजूला बोट ठेवलं. तिथं तांदळाच्या दाण्याएवढं काही चमकत होतं.

रूपलाल बाहेर आल्यावर डॉक्टरनं त्याच्यापासून काही लपवलं नाही. "थोडी उरली आहे, काका."

रूपलाल म्हणाला, "पन दिसली ना?"

"स्पष्ट दिसली."

"मंग जाळा. काऊन वाट पाहता?"

नागपुरात पुन्हा सुई गेली, नेमकी त्या दाण्यावर. महिन्यानं परत तोच बोगदा, तीच डॉक्टर. या वेळी रूपलालला काही शिकवावं लागलं नाही. फोटो बघायला मात्र डॉक्टरला फार वेळ लागला. खालून वर, वरून खाली, एकेक करून ती बघत राहिली. तुलसाबाई तिच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"सगळं काळं आहे," डॉक्टर शेवटी म्हणाली. "काठावरचा तो दाणासुद्धा. मेली गाठ."

"अजून एकदा म्हण, बाई."

"मेली, काकू."

"आता त्यांले सांग. मी सांगतलं तं त्यांले वाटन का मी मन राखून राहिली."

रूपलाल बाजूच्या खोलीत सदरा घालत होता. डॉक्टरनं दारातूनच सांगितलं. तो नुसता "बरं" म्हणाला आणि खाली बघून बटण लावत राहिला. बटण काही केल्या काजात जाईना. तुलसाबाई पुढं झाली आणि तिनंच ते लावून दिलं.