पोकळ वाजलेली भिंत

भाड्याने द्यायला घर घ्यायचं असेल तर घाणेरडं घ्या, हे मी सगळ्यांना सांगते. भिंतींवर तेलाचे ओघळ, मोरीत बुरशी, दारावर कुठल्याशा पोराने कोरलेला राक्षस, असलं घर. गिऱ्हाइकं नाक मुरडून परत जातात आणि किंमत आपोआप खाली येते. घाण काय, निघते! सोडा, घासणी आणि दोन दिवसांची पाठदुखी. दारं जुन्या बाजारातून आणायची, फरशा दुकानदाराच्या उरल्यासुरल्या खोक्यांतून, रंग आपल्या हाताने. अशी दोन घरं मी उभी केली होती. शेजारणी सल्ला विचारायला यायच्या, आणि खोटं कशाला बोलू, मी चांगलीच फुगले होते.

तिसरं घर तळमजल्यावरचं. दोन खोल्या आणि मधे एक भिंत. मागची खोली इतकी अंधारी की भर दुपारी दिवा लावावा लागे. मी म्हटलं, ही भिंत गेली की उजेड आरपार आणि भाडंही वर. आमच्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणतात, कारण भिंत सरळ आहे का बघायचा दोरी-वजनाचा ओळंबा कायम त्याच्या खिशात असतो आणि माणसांकडेही तो ती वाकडी आहेत का अशाच नजरेने बघतो. तो म्हणाला, "वहिनी, मंगळवारी येतो. तोवर भिंतीला हात लावू नका."

मला कुठला धीर! सोमवारी अकराच्या पुढे एक नर्सबाई घर बघायला येणार होती. मी बोटांनी भिंत वाजवून बघितली. पोकळ. वर, खाली, कोपऱ्यात, सगळीकडे पोकळ. पोकळ वाजली म्हणजे नुसती आडोशाची भिंत, तिच्या डोक्यावर काही भार नाही, हा माझा नियम. आधीच्या दोन्ही घरांत तो खरा ठरला होता. शनिवार-रविवार आमच्या ह्यांनी घण घातला. पाडताना विटा जाड निघाल्या तेव्हा हे थांबले. "अगं, ही भिंत भलतीच जाड आहे."

"जुन्या लोकांना विटा फुकट मिळायच्या," मी म्हटलं. "हाणा तुम्ही."

सोमवारी सकाळी दहाला मी राडारोडा झाडत होते. खांद्यावर भुगा पडला. झटकला, पुन्हा पडला. वर बघितलं तर जिथे भिंत होती तिथे छताला तडा. केसाएवढाच, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत.

तेवढ्यात दारात मास्तर. मास्तर वरच्या मजल्यावर राहतात, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या बायकोला, काकूंना, चार वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, तेव्हापासून त्या अंथरुणावरच. मास्तर म्हणाले, "ताई, आमच्या झोपायच्या खोलीचं दार लागत नाहीये. काल लागत होतं."

तडा माझ्या डोक्यावर होता. मी नुसतं वर बोट केलं असतं तरी पुरलं असतं. पण तोंडातून निघालं, "लाकूड आहे मास्तर, ओल धरली असेल. कालपासून खाली धुणं-पुसणं चाललंय ना."

"असेल, असेल," म्हणाले, आणि जिना चढून गेले. माझ्यावर विश्वास ठेवला हो त्यांनी!

मी ओळंबाला फोन लावला. तो एक तासाच्या अंतरावर होता. सगळं ऐकून तो ओरडला, "पोकळ वाजली? अहो वहिनी, गिलावा विटांपासून सुटला की कुठलीही भिंत ढोलासारखी वाजते! वरचा अख्खा स्लॅब होता तिच्यावर! टेकू घेऊन निघतो. तोवर तड्यावर कागदाची पट्टी आडवी चिकटवा, ताणून, आणि तिच्यावर वेळ लिहा. टिकली तर तडा थांबलाय. फाटली तर एक क्षण थांबायचं नाही, वरच्यांना बाहेर काढायचं. कळलं?"

कळलं. शिडीवर चढून मी पट्टी लावली, पेनाने लिहिलं, साडेदहा. आणि खाली उभी राहून तिच्याकडे बघत बसले. हे म्हणाले, "पुट्टी भरून टाकू का? ती बाई येईल."

"तोंडात भरा ती पुट्टी!" मी खेकसले. त्यांचा काय दोष? हाणा म्हणणारी मीच होते.

पाच कमी अकराला पट्टी फाटली. आवाज झाला नाही, काही नाही. मधोमध उभी फाटली आणि दोन तुकडे जरासे दूर सरकले.

आता मी जे केलं ते सांगते. माझ्या डोक्यात काय काय आलं! वर जाऊन काय सांगू? तुमच्या पायाखालची भिंत मी पाडली? पोलीस, कोर्ट, जन्मभराची कमाई, आणि त्याहून मोठं माझं नाक. मी स्वतःशीच म्हटलं, कागद पातळ होता. गोंद वाळताना आखडला असेल. आणि मी दुसरी पट्टी कापली, जरा जाड कागदाची, पहिलीच्या शेजारी चिकटवली, आणि तिच्यावर वेळ लिहिली.

हे बघत होते. "ओळंबा म्हणाला होता, फाटली तर..."

"माहितीये मला!"

अकरा वाजून दहा मिनिटांनी दुसरी फाटली. वरून चिमणीच्या अंड्याएवढा खडा माझ्या पायाशी पडला. मग मात्र मी जिना कशी चढले ते आठवत नाही.

मास्तरांना म्हटलं, "काकूंना बाहेर काढायचंय. आत्ता. मी खोटं बोलले, ते दार ओलीने नाही अडकलं. भिंत मी पाडली."

त्यांनी खुर्ची ओढली. नर्सबाई नेमकी तेव्हा पत्ता शोधत जिन्यात आली होती. देवानेच धाडली म्हणायचं. तिने पदर खोचला, काकूंना चादरीने खुर्चीला बांधलं, म्हणाली, "पुढचे पाय मी धरते. तुम्ही मागून, हळू. पायरी मोजत चला." खोलीतून निघताना पलंगाकडे माझी नजर गेली. पलंग बरोबर त्या भिंतीच्या वर होता. कुणीही शहाण्या माणसाने अवजड पलंग तिथेच ठेवला असता, खाली भिंत आहे म्हणून.

आमच्या दारावरून जाताना काकूंनी मान वळवली. चार वर्षांनी खाली येत होत्या. तोंड वाकडं झालंय त्यांचं, बोलणं जड. तरी म्हणाल्या, "उजेड... छान पडलाय गं." मला रडू फुटलं. खुर्ची सोडता येईना, नाक पुसता येईना.

त्यांना समोरच्या दुकानाच्या सावलीत बसवलं. नर्सबाईने नाडी बघितली, मास्तरांच्या हातात पाण्याची बाटली दिली. मला म्हणाली, "घर मी दुसरीकडे बघते हं," आणि कामावर निघून गेली.

ओळंबा साडेअकराला आला. दोन माणसं घेऊन त्याने छताखाली एकामागून एक लोखंडी टेकू ठोकले, आणि शेवटचा घट्ट बसल्यावरच घाम पुसला. मग शिडीवर चढून तडा बघितला. मास्तर दारात येऊन उभे होते.

"वहिनी," ओळंबा वरून म्हणाला, "पट्ट्या दोन का?"

आमचे हे जमिनीकडे बघत होते. मी म्हटलं, "पहिली फाटली म्हणून मी दुसरी लावली."

मास्तर पुढे आले. चष्मा नाकावर सरकवला आणि वही तपासावी तसं वर बघत माझं अक्षर वाचलं. "पाच कमी अकरा," ते म्हणाले. "तेव्हा मी तिला त्या पलंगावर चमच्याने पेज भरवत होतो." आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं.

पुढे तुळई घालून घेतली, भिंतही पुन्हा उभी राहिली. मागच्या खोलीत परत भर दुपारी दिवा लागतो. काकू बऱ्या आहेत, आपल्या पलंगावर आहेत. मास्तर जिन्यात भेटले की थांबतात, तब्येत विचारतात, आमच्या ह्यांच्याशी हसून बोलतात. पण दार जरा कुरकुरलं तरी मला काही विचारत नाहीत, सरळ ओळंबाला फोन करतात.