बदली बाई येण्याआधी

माझा राग अख्ख्या कोलशेतात प्रसिद्ध आहे. तो दुधासारखा उतू जातो आणि तसाच लगेच खाली बसतो, हे माझ्या चौथीच्या पोरांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर ती मला भीत नाहीत.

दिवाळीनंतर माझ्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. माझ्या जागी बदली बाई आल्या. पोरांनी त्यांना दंगा करून छळलं नाही. पण बाईंनी फळा पुसला, हजेरी घेतली, नुसतं पाणी प्यायलं, तरी कुणीतरी म्हणायचं, "आमच्या बाई असं नाय करत." मधल्या सुट्टीतच त्या पर्स उचलून चालत्या झाल्या. दुसरं कुणी मिळेना, म्हणून मीच ऑपरेशन पुढे ढकललं. आता डॉक्टरांनी बजावलंय, आणखी थांबलात तर जिवावर बेतेल.

या सोमवारी माझ्या जागी एमाबाई येणार होत्या. नुकतं डी.एड. झालेली मुलगी, आमच्या पोरांपुढे तिचा काय निभाव लागणार? मग मीच वर्ग तयार करायला घेतला. पोरांना माझी आठवणच नकोशी व्हायला हवी होती.

आठवडाभर मी वाईट वागले. खेळाचा तास बंद केला. उगाचच ओरडले. दिपेशने डब्यातला सुक्या बोंबलाचा तुकडा कौतुकाने पुढे केला, तर "जागेवर बस" म्हणून त्याला परत पाठवलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

शनिवारी गोष्टीच्या तासाला मी पाढे लिहायला लावले. पोरांनी वह्या काढल्या. अलिशा मात्र उभी राहिली.

"बाई, एक विचारू?"

"काय आहे?"

"तुम्हाला लय दुखतं का?"

"तुला कोण म्हणालं?"

"तुम्ही ओरडून झालं की हसता ना. आता हसतच नाय." तिने मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. "आम्ही ठरवलंय. नवीन बाईंना कायपण बोलणार नाय. तुम्ही जा ना दवाखान्यात."

मला रडू आवरलं नाही. इतकी गुणी पोरं, आणि मी त्यांना आठवडाभर छळलं. मग घंटा होईपर्यंत गोष्ट सांगितली, दिपेशला जवळ बसवून.

सोमवारी दवाखान्यात जाता जाता कपाटाची किल्ली द्यायला शाळेत गेले. एमाबाई भागाकार शिकवत होत्या, तोही माझ्याहून अगदी वेगळ्या पद्धतीने. पोरं माना खाली घालून सोडवत होती. दारात मला पाहून अलिशा जागेवरून उठली, माझ्या हातातली किल्ली घेऊन हळूच म्हणाली, "बाई, जा आता. आमचं गणित चाललंय."

मला हेच तर हवं होतं. तरी जिना उतरताना वाटत राहिलं, एखाद्याने तरी थोडा दंगा करायला हवा होता.