उरलेला निळा दरवाजा

रंगाची खपली—नखाएवढी, वरून निळी, खालून हिरवी—क्लेटनने बशीच्या काठावर ठेवली होती, नाश्त्याच्या वेळी, अंड्याला खेटून. आणि व्हर्नाने, त्याच्या बायकोने, ती बघून हार कबूल करावी अशी त्याची अपेक्षा होती. वीस वर्षं ती सांगत आली, शेडमधला तिच्या वडिलांचा जुना ट्रक मुळात निळाच होता. वीस वर्षं तो म्हणत आला, लहानपणच्या आठवणीला कुणी पुरावा मानत नाही. स्पर्धेसाठी ट्रक मूळ रूपात आणायचा, म्हणून काल जुन्या गाड्यांच्या क्लबच्या परीक्षकाने बिजागरीमागचा रंग खरवडला आणि निकाल लागला. १९१८ साली ट्रक कारखान्यातून निघाला तो हिरवा.

"म्हणजे मी खोटी," ती म्हणाली.

"खोटी कुठे? निळा होताच की. पण तो नंतरचा."

नंतरचा... म्हणजे तिच्या वडिलांचा. थंडी सरली की व्हरांड्याच्या खुर्च्या रंगवून उरलेला रंग ते ट्रकला फासत, ती पायरीवर डबा धरून बसे—मग ॲलनटाउनच्या घराघरांत कोळसा ओतत हिंडायचं, चाकं फिरवणारी चेन खडखडायची, भरीव रबरी चाकं हाडं खिळखिळी करायची. ते सगळं नंतरचं! मूळ काय, तर कारखान्याच्या फाटकातला तो दिवस, जेव्हा या ट्रकने अजून कुणाचंच काही वाहिलं नव्हतं. संग्राहकांना नेमका तोच हवा. आता त्यावर बटाट्याची पिशवी टेकवली तरी क्लेटन धावत येतो. डोकं फिरायची पाळी.

आठवड्याने एका दुपारी वाळत घातलेल्या चादरींवर निळी भुकटी दिसली तेव्हा ती तरातरा शेडमध्ये गेली. सगळा ट्रक हिरवागार. फक्त डावा दरवाजा निळा. क्लेटन हातात पॉलिश पेपर धरून नुसता उभा होता.

"हा ठेवला तर स्पर्धेत गुण जातील," तो म्हणाला. "पहिला नंबर विसरायचा. पण... तू म्हणशील तसं. ठेवू?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने विचारलं होतं. तिला भरून यायला हवं होतं. आला तो संताप. आता विचारतो, एक दरवाजा उरल्यावर! ठेव म्हणावं तर ते वडिलांच्या नावाने लावलेलं ठिगळ; घास म्हणावं तर त्यांचं शेवटचं पुसलं जाणार, तेही तिच्या तोंडून. तिने दरवाजाकडे नीट पाहिलं. तो निळा तिला ओळखीचा वाटेना... वडिलांचा याहून गडद होता, की फिका? शपथेवर सांगितलं असतं तिने, आज सकाळपर्यंत.

"बोल ना," क्लेटन हळूच म्हणाला.

तिने दरवाजावरून बोट फिरवलं. आता चिडावं तरी कुणावर, हे तिला कळत नव्हतं.