माझा अ‍ॅडॅप्टर धाकटीकडे गेला

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना हब आहे. लॅपटॉपला यूएसबीची भोकं मोजकीच असतात. त्यातल्या एकात माझी शेपटी खोचली की माझ्या अंगावर चार वस्तू लावता येतात. मला घडवणाऱ्यांनी मला एकटं पाठवलं नव्हतं. सोबत अ‍ॅडॅप्टर दिला होता, भिंतीतल्या विजेवर चालणारा. तो माझा अन्नदाता. त्याच्या जोरावर मी चौघांना पोसायचो आणि लॅपटॉपला त्याची झळही लागायची नाही.

दोघी बहिणींच्या फोटो स्टुडिओत माझा संसार सुरू झाला. धाकटी मला कौतुकानं पुसायची. "ताई, हाच आपल्या घरातला कर्ता पुरुष बघ. चौघांना पोसतो आणि वर तोंडातून चकार शब्द नाही!"

पुढे पाटीवर कुणाचं नाव आधी, एवढ्यावरून त्यांचं बिनसलं. खोलीच्या मधोमध प्लायवूडची भिंत आली. स्टुलं वाटली, दिवे वाटले. शेवटी माझी पाळी आली.

"हब माझा," थोरली म्हणाली.

"मग अ‍ॅडॅप्टर माझा."

"नुसता अ‍ॅडॅप्टर घेऊन काय पूजा करणार आहेस?"

"तुला मिळत नाही ना? झालं तर मग."

असा माझा जीव दोन खोल्यांत वाटला गेला. धाकटीनं माझा अ‍ॅडॅप्टर खिळ्याला टांगला, भिंतीच्या फटीतून थोरलीला रोज दिसेल असा.

तेव्हापासून मी लॅपटॉपच्या जिवावर जगू लागलो. एका भोकातून मिळेल तेवढ्या घासात फोटोंची हार्ड डिस्क, फोन, टेबलावरचा पंखा आणि कार्ड रीडर अशा चार तोंडांना भरवायचं. डिस्क अर्धपोटी राहिली की टक् टक् करून बंद पडायची. थोरली मला थापट मारायची, "मेल्या, झोपलास का?" पलीकडून खुदकन हसू यायचं, मग इकडून स्टूल आपटायचं.

एके दिवशी शेजारच्या शिंपीणमावशी आल्या. गेल्या महिन्यात त्यांचे यजमान देवाघरी गेले होते. जन्मभर त्यांनी फोटो काढू दिला नव्हता, "या थोबाडाला काय बघायचंय?" म्हणायचे. कसेबसे एकदाच थोरलीसमोर बसले होते. ते फोटो फक्त त्या डिस्कवर होते. कॅमेऱ्याचं कार्ड थोरलीनं पुढच्या कामासाठी पुसून टाकलं होतं.

"बाळा, एक काढून दे. भिंतीवर लावते," मावशी म्हणाल्या.

थोरलीनं डिस्क जोडली. टक् टक्. बंद. पुन्हा जोडली. टक् टक्. मावशी पदराचं टोक पिळत बसून राहिल्या.

थोरलीनं खण उपसला. कुठल्यातरी जुन्या यंत्राचा अ‍ॅडॅप्टर हाती लागला. त्याची पिन माझ्या तोंडात अगदी चपखल बसली. पण मित्रांनो, पिन बसली म्हणजे वीज सोसते असं नाही! मला पाच व्होल्ट लागतात, आणि त्याच्या पाठीवर बारा लिहिले होते. देवाचा धावा करायलाही मला तोंड नव्हतं. थोरलीचा हात भिंतीतल्या बटणाकडे गेला.

"अगं ए आंधळे! थांब!"

फटीत डोळा होता. पुढच्याच क्षणी धाकटी दारात उभी होती, हातात खिळ्यावरचा माझा अ‍ॅडॅप्टर. "बारा व्होल्टचा आहे तो! हब जाळशील, डिस्क जाळशील, लॅपटॉपही जाळशील."

"तुझं काय जळतंय?"

"काही नाही. मी मावशींसाठी आले."

तिनं परका अ‍ॅडॅप्टर उपटून फेकला. माझा माझ्या तोंडात दिला. "आणि तो फोन काढ. त्याला स्वतःचा चार्जर नाही? पंखाही काढ. अख्खी वरात बसवलीस त्याच्यावर."

"मला शिकवू नकोस."

पण तिनं दोन्ही काढले. बटण दाबलं. माझा दिवा लागला. डिस्क घरघरली, आणि घरघरतच राहिली.

पडद्यावर फोटो आले. प्रत्येकात यजमानांचे डोळे मिटलेले. मावशी एकेक बघत गेल्या आणि एकावर बोट ठेवलं. "हा. यात माझ्याकडे बघतायत."

दोघी बहिणी दोन भिंतींकडे बघू लागल्या.

"आता ने तुझा अ‍ॅडॅप्टर," थोरली म्हणाली.

धाकटीचा हात वायरीपर्यंत गेला. "आधी दुसरीकडे कॉपी कर. एकाच डिस्कवर ठेवतं का कुणी?" असं फणकारून ती रिकाम्या हातानंच निघून गेली.

त्यांचा अबोला सुटला, असं मी खोटं सांगणार नाही. भिंत आहे. पाटीही अजून बिननावाची आहे. अधूनमधून पलीकडून विचारणा होते, "जाळलास का गं तो?" इकडून उत्तर जातं, "तुझी जीभ जळो!"

मित्रांनो, लॅपटॉपवर चार वस्तू लादायच्या असतील, तर माझ्यासारख्याला त्याचाच अ‍ॅडॅप्टर द्या, आणि लावण्याआधी त्याच्या पाठीवरचा आकडा वाचा. जोडीनं जन्मलेल्यांना वाटणीत तोडू नका. भांडण तुमचं असतं आणि उपाशी आम्ही मरतो.

फटीतून मला पलीकडचा खिळा दिसतो. धाकटीनं अजून त्यावर दुसरं काही टांगलेलं नाही.