लांडग्याची उडी

सिद्धेश्वरच्या धरणाजवळच्या तांड्यात नेमसिंगचा थोरला पोरगा दिपक उड्यांसाठीच ओळखला जायचा. कडब्याच्या गंजीवरून, लिंबाच्या शेंड्यावरून, कुठूनही उडी टाकायचा. नेमसिंगनं त्यापायी त्याला कितीदा बदडून काढलं. "माकडाच्या पोटी जायचा व्हतास, वाट चुकून आमच्या घरी आलास," असं तो चिडून म्हणायचा.

एका वर्षी ऊसतोडीला गेलेला दिपक टोळीबरोबर परत आलाच नाही. तो मुंबईला गेला होता. तिथं एका फाईट मास्तरच्या हाताखाली सिनेमात मार खायचं आणि पडायचं काम त्याला मिळालं. सणाला घरी आला की अंगावरचे वळ दाखवत हसायचा. नेमसिंगला त्यातलं काही पटत नव्हतं. मार खाणं हे काय काम झालं?

मग एका उन्हाळ्यात त्याला जीपमधून आडवा घालून घरी आणलं. शूटिंगच्या वेळी बुरुजावरून उडी घेताना तो गादीच्या कडेला पडला होता. कंबरेखालचा जीव गेला होता. तेव्हापासून त्याला न्हाऊ घालणं, कुशीवर वळवणं, सगळं नेमसिंगच करायचा. त्याची आई रुख्मिणीबाई शेतातून आली की पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसायची.

पुढच्या साली नेमसिंगचा पुतण्या रणजीत, जो हिंगोलीच्या रस्त्यावर जीप चालवायचा, सांगत आला, "काका, दादाचा सिनेमा टॉकीजला लागला."

दिपकनं हट्टच धरला. नेमसिंग म्हणाला, "ज्यानं तुझी ही गत केली, ते काहून बघायचं?"

"बा, तुमी मला काम करताना कधी बघितलंच न्हाई," दिपक म्हणाला.

नेमसिंगनं रणजीतला जीप आणायला सांगितलं. तिघं दुपारच्या खेळाला गेले. शेवटच्या रांगेत दिपकला बसवलं. त्याला तोल सावरता येत नव्हता, म्हणून नेमसिंगनं एका हातानं त्याला धरून ठेवलं. दुसऱ्या बाजूला रुख्मिणीबाई बसली.

सिनेमा म्हणजे नुसता धुमाकूळ होता. गुडघ्यापर्यंत काळा कोट घातलेला हिरो दोन्ही हातांत बंदुका घेऊन किल्ल्याच्या तटावरून मोटारसायकल उडवत होता. रक्त पिणारे सरदार, पट्ट्या गुंडाळलेलं चालतं मढं, मुडद्यांचे तुकडे शिवून केलेला राक्षस, सगळे त्याच्या अंगावर धावून येत होते. दिपक कानाशी सांगत होता, "ते मढं म्या हाय. आता छपरावरून पडला तोबी म्याच."

"मेलास का रं पुन्हा?" म्हणत रुख्मिणीबाई तोंडाला पदर लावून हसायची. त्या साऱ्या वर्षात नेमसिंगनं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यालाही हसू आलं. पोरगं खरंच देखणं पडत होतं. नेमसिंगला पहिल्यांदाच वाटलं, हे काम आहे, आणि आपल्या पोराला ते येतं.

मग बुरुज पेटला. हिरोनं चांदीची गोळी झाडली आणि अर्धा माणूस, अर्धा लांडगा असलेला एक केसाळ प्राणी ज्वाळांमधून हात पसरून खाली कोसळला. टॉकीज शिट्ट्यांनी दणाणली. कुणी पडद्याकडे चिल्लर उधळली.

दिपकनं बापाचा हात घट्ट आवळला. "बा, हेच ते."

"हेच म्हंजे?"

"हीच ती उडी. मुखवट्यातून खालचं नीट दिसंना. त्यांनी तीच ठेवली सिनेमात. आता इथून पुढं म्या न्हाई कुठंच."

पडद्यावर लांडगा लांब, भेसूर आवाजात केकाटत होता.

"तो आवाज माझा न्हाई," दिपक हळूच म्हणाला. "नंतर टाकला त्यांनी. म्या तर 'याडी' म्हणून वरडलो व्हतो."

तांड्याच्या बोलीत याडी म्हणजे आई.

रुख्मिणीबाई वाकून विचारू लागली, "काय म्हणून राहिलं लेकरू?"

"पाणी मागून राहिला," नेमसिंग म्हणाला.

ती लगबगीनं पाणी आणायला बाहेर गेली. ती परत येईपर्यंत बाप-लेक अंधारात एकमेकांना धरून बसले. पडद्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.

त्या हिवाळ्यात दिपकच्या पाठीच्या जखमा चिघळल्या. ताप उतरेना. हिंगोलीच्या दवाखान्यातच त्यानं जीव सोडला.

दिवस घातल्यावर एका संध्याकाळी नेमसिंगला राहवलं नाही. ओट्यावर बसलेल्या रुख्मिणीबाईला त्यानं टॉकीजमधली ती गोष्ट सांगितली. तिला बरं वाटेल, असं त्याला वाटलं होतं.

ती म्हणाली, "आन् म्या पाणी आणाया गेले."

"तुला तकलीफ नको म्हणून..."

"तवाच सांगायचं व्हतं. तिथंच पोटाशी धरलं असतं त्याला."

ती उठून आत गेली. नेमसिंगही उठला, पण दारापाशीच उभा राहिला.